मुक्त विद्यापीठात नाव घालायचंय? फॉर्म भरण्याआधी एवढं तपासा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी एसटी स्टँडपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत प्रवेशाचे फ्लेक्स झळकू लागतात. ‘घरबसल्या पदवी’, ‘वयाची अट नाही’, ‘नोकरी सांभाळून शिका’. यातलं काही खरं असतं, काही अर्धं खरं, आणि काही चक्क फसवणूक असते. गावाकडच्या माणसाला यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव म्हणजे नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या सुना, शेती करणारी पोरं, दुकानात किंवा कंपनीत कामाला असलेले, बढतीसाठी पदवी हवी असलेले कर्मचारी अशा कितीतरी जणांसाठी हाच एक जवळचा दरवाजा आहे.

विद्यापीठ खरं आहे, पदवी खरी आहे. तरीही दरवर्षी अनेकांचं वर्ष वाया जातं. ते बहुतेक वेळा परीक्षेत नापास झाल्यामुळे जात नाही. चुकीचा कोर्स, चुकीचं केंद्र, कागदपत्रावरचं नाव किंवा मधला एजंट, यांपैकी एकात ते अडकतं. आणि या चारही गोष्टी फॉर्म भरण्याआधी तपासता येतात.

हे विद्यापीठ कुठलं, कुणाचं?

महाराष्ट्र विधिमंडळाने कायदा करून जुलै १९८९ मध्ये हे विद्यापीठ स्थापन केलं. म्हणजे ते सरकारी, राज्य विद्यापीठ आहे. मुख्यालय नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात आहे. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले, पुढे ते दिल्लीच्या इग्नूचेही कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे विद्यापीठाचं ब्रीद अनेकांना पाठ असतं.

कामकाज आठ विभागीय केंद्रांतून चालतं: नाशिक, पुणे, मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, अमरावती आणि नागपूर. त्यांच्या खाली गावोगावची अभ्यासकेंद्रं. ही अभ्यासकेंद्रं बहुतेक करून एखाद्या चालू कॉलेजातच असतात. कॉलेज त्याच संस्थेचं, बाकं तीच, पण विद्यार्थी विद्यापीठाचे. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण ‘मी अमुक कॉलेजात आहे’ असं सांगणाऱ्या अनेकांना आपली पदवी कुठून येणार हे शेवटपर्यंत माहीत नसतं.

आपल्या जिल्ह्याचं विभागीय केंद्र कोणतं आणि तिथला फोन कोणता, हे आधीच विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. पुढे कुठलीही अडचण आली की तालुक्यातलं केंद्र ‘नाशिकला विचारा’ म्हणतं आणि नाशिकचा फोन लागत नाही. मधला दुवा विभागीय केंद्र असतो.

पदवी ‘चालते’ का?

पारावर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर आहे, चालते. मान्यता असलेल्या मुक्त आणि दूरस्थ शिक्षणाची पदवी ही रेग्युलर कॉलेजच्या पदवीइतकीच धरावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२० च्या नियमांत लिहिलं आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्टही केलं आहे. एमपीएससी, यूपीएससीच्या परीक्षांना मुक्त विद्यापीठाचे पदवीधर बसतात. एमएला दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेतात.

मात्र ‘मान्यता असलेल्या’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. यूजीसीची दूरस्थ शिक्षणाची मान्यता सबंध विद्यापीठाला एकदाच मिळून जाते असं नाही. ती कोर्सनिहाय असते आणि सत्रनिहाय तपासायची असते. वर्षात दोन सत्रं असतात: जुलै-ऑगस्टचं आणि जानेवारी-फेब्रुवारीचं. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाला डीईबी म्हणतात. डीईबीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव निवडलं की या सत्रात कोणत्या पदवी कोर्सला परवानगी आहे, त्याची यादी दिसते. आपला कोर्स त्या यादीत असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा. तीन-चार वर्षांनी नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत कोणी शंका काढलीच, तर तोच कागद कामी येतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. काही खाजगी कंपन्या जाहिरातीत ‘पूर्णवेळ पदवी’ असं मुद्दाम लिहितात. तिथे वाद घालून उपयोग नसतो. ज्या नोकरीसाठी पदवी घेताय, तिची मागच्या वर्षीची जाहिरात शोधा आणि पात्रतेचा परिच्छेद शब्द न् शब्द वाचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण फारच थोडे लोक करतात.

बारावी झालेली नाही, मग?

मुक्त विद्यापीठाची खरी ओळखच यातून झाली. शाळा सुटलेल्या, पण लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढांसाठी ‘पूर्वतयारी’ नावाचा छोटा अभ्यासक्रम होता आणि तो पास झाल्यावर बीए-बीकॉमला प्रवेश मिळायचा. या वाटेने शेकडो गावांत दहावी नापास माणसं पदवीधर झाली. आजही ‘दहावी नापास? थेट पदवी!’ असं लिहिलेले फ्लेक्स दिसतात ते याच्याच जोरावर.

इथे घाई करू नका. पदवीच्या प्रवेशाची आजची अट काय आहे, ते चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेत वाचा. शेजारच्या काकांनी २००५ साली काय केलं त्यावर जाऊ नका. आणि वाट खुली असली तरी एक गोष्ट शिल्लक राहते. तुमच्या हातात पदवी असेल, पण बारावीची गुणपत्रिका नसेल. ज्या कोर्सची किंवा भरतीची अट ‘बारावी उत्तीर्ण’ अशी आहे, उदाहरणार्थ डीएलएड म्हणजे पूर्वीचं डीएड, तिथे बारावीचाच कागद मागतात.

म्हणून वय कमी आहे, पुढे नोकरीचा विचार आहे, अशा मुलामुलींनी आधी बारावी करून घेणंच शहाणपणाचं. त्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त शाळा म्हणजे एनआयओएस आहे. एखादं वर्ष जास्त जाईल, पण पुढच्या फॉर्मवर रकाना कोरा राहणार नाही. पंचेचाळिशीच्या ताईंना केवळ शिकायची हौस आहे किंवा बचत गटाच्या, ग्रामपंचायतीच्या कामात आत्मविश्वास हवा आहे, तर त्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी पूर्वतयारीची वाट खुली असेल तर खुशाल धरावी.

जे दूरस्थ पद्धतीने मिळतच नाही

शेतकऱ्याच्या घरात हमखास होणारी चूक म्हणजे ‘बीएस्सी ॲग्री घरबसल्या करतो’. यूजीसीच्या नियमांप्रमाणे काही विषयांची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाही. त्यात कृषी आणि फलोत्पादन आहे. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, दंतवैद्यक, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, आर्किटेक्चर, कायदा, हॉटेल मॅनेजमेंट हेही आहेत. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषण, जैवतंत्रज्ञान यांची भर पडली. म्हणजे कोणी ‘घरी बसून एलएलबी’ किंवा ‘पोस्टाने नर्सिंग’ म्हणत असेल तर पुढचं बोलणं ऐकायचीच गरज नाही.

मुक्त विद्यापीठाचं शेतीशी नातं जुनं आहे. तिथे कृषी विज्ञानाची वेगळी विद्याशाखा आहे आणि शेती-फळबागांचे छोटे अभ्यासक्रम मराठीतून शिकवण्याची परंपरा आहे. स्वतःच्या रानासाठी शिकायचं असेल तर ते चांगलेच. पण प्रमाणपत्र, पदविका आणि पदवी ही तीन वेगळी वजनं आहेत. कृषिसेवा केंद्राचा परवाना, कृषी सहायकाची भरती किंवा पुढचं शिक्षण यासाठी घ्यायचं असेल तर त्या-त्या खात्याला नेमका कोणता कागद चालतो, हे तालुका कृषी कार्यालयात विचारूनच पैसे भरा.

बीएडचंही असंच. दूरस्थ बीएड आहे, दोन वर्षांचं आहे, पण ते सगळ्यांसाठी नाही. एनसीटीईच्या नियमाप्रमाणे ते प्राथमिक शाळेत शिकवत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी, किंवा शिक्षक प्रशिक्षणाचा मान्य कोर्स आधी रेग्युलर पद्धतीने पूर्ण केलेल्यांसाठी आहे. नुसतं बीए झालेल्या मुलीला ‘तुमचं बीएड मुक्तमधून करून देतो’ असं सांगणारा माणूस तिची दोन वर्षं विकत असतो.

अभ्यासकेंद्र: फॉर्मवरचा सगळ्यात दुर्लक्षित रकाना

विद्यापीठ एकच, पुस्तकं एकच, परीक्षा एकच. तरी एका केंद्रावरची पोरं पास होतात आणि वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रावरच्यांना परीक्षेची तारीखच कळत नाही. फरक केंद्राचा असतो. बहुतेक लोक फॉर्म भरताना केंद्र असं निवडतात: जे यादीत वर दिसलं ते, नाहीतर नेट कॅफेवाल्याने टाकलं ते.

त्यापेक्षा प्रत्यक्ष जाऊन या. संपर्क सत्रं, म्हणजे शिकवणीचे तास, बहुधा रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी असतात. म्हणून जायचं तर रविवारीच जा. खरंच तास चाललाय का, की दाराला कुलूप आहे, हे एका फेरीत समजतं. मागच्या वर्षीचे दोन-तीन विद्यार्थी गाठा. पुस्तकं कधी हातात पडली? गृहपाठ जमा केल्याची पोच मिळाली का? अंतर्गत गुण वेळेवर चढले का? केंद्र संयोजक फोन उचलतात का? ही माहिती कुठल्याही माहितीपुस्तिकेत छापलेली नसते.

अंतर्गत गुणांचा मुद्दा बारीक वाटतो, पण तो नाही. यूजीसीच्या नियमांत दूरस्थ कोर्सचे जास्तीत जास्त ३० टक्के गुण वर्षभरातल्या मूल्यमापनाला आणि किमान ७० टक्के लेखी परीक्षेला आहेत. गृहपाठ दिला पण केंद्राने गुण भरलेच नाहीत, तर निकालात शून्य दिसतं. मग तालुका, विभागीय केंद्र, नाशिक अशा चकरा सुरू. गृहपाठाच्या प्रत्येक पानाचा फोटो आणि जमा केल्याची सही मोबाइलमध्ये असली की निम्मी चक्कर वाचते.

केंद्र आणि परीक्षेचं ठिकाण एकच असेल असंही गृहीत धरू नका. परीक्षा दुसऱ्या गावच्या कॉलेजात लागू शकते. सकाळच्या पेपरला आपल्या गावाहून पहिली एसटी किती वाजता निघते आणि ती वेळेत पोचवते का, एवढा साधा विचारही प्रवेशाच्या वेळी केलेला बरा. बाळंत बाई, दूध घालायला पहाटे जाणारा माणूस, पाळीत काम करणारा कामगार यांचं शिक्षण अनेकदा याच एका गोष्टीवर थांबलेलं असतं. जिथे प्रात्यक्षिकं आहेत अशा कोर्सला हजेरी लागतेच. तिथे अंतर आणखी महत्त्वाचं.

नाव, आधार आणि दोन आयडी

फॉर्म ऑनलाइन आहे. आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीला प्रवेश घ्यायचा तर विद्यार्थ्याचा डीईबी-आयडी लागतो. तो काढायला आधी एबीसी आयडी लागतो. एबीसी म्हणजे तुमच्या शिक्षणाच्या क्रेडिटचं खातं, बँकेच्या पासबुकासारखं. तो डिजिलॉकरमधून निघतो आणि डिजिलॉकर उघडायला आधार व आधारला जोडलेला मोबाइल नंबर लागतो.

वाचायला चार ओळी, पण गावात अडतं ते इथेच. आधारला जोडलेला नंबर सहा वर्षांपूर्वीच बंद झालेला असतो. किंवा तो नंबर नवऱ्याचा असतो आणि नवरा पुण्यात कामाला असतो. ओटीपी तिकडे, फॉर्म इकडे. प्रवेशाच्या शेवटच्या दोन दिवसांत आधार केंद्रावर रांग लावण्यापेक्षा आजच आपला स्वतःचा नंबर जोडून घ्या.

सगळ्यात जास्त रडकुंडीला आणणारी गोष्ट म्हणजे लग्नानंतरचं नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, कुठे मधलं नाव वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं. एबीसी आयडी आधारवरून नाव उचलतो, विद्यापीठ गुणपत्रिका बघतं, आणि दोन्ही जुळत नाहीत. पदवीवर कोणतं नाव यावं हे आधी ठरवा. पुढे नोकरीच्या पडताळणीत दहावीच्या कागदाशी जुळणारं नाव सोयीचं पडतं, हे लक्षात घ्या. सासरचं नावच हवं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद हाताशी ठेवा. इंग्रजी स्पेलिंगही पाहा. मराठीत ‘सविता’ एकच असते, इंग्रजीत तिची दोन-तीन रूपं होतात आणि संगणकाला ती वेगवेगळ्या बायका वाटतात.

हे दोन्ही आयडी विद्यार्थ्याने स्वतः काढायचे असतात. दुसऱ्याने काढून दिले तरी मोबाइल, ईमेल आणि पासवर्ड तुमचाच हवा. नेट कॅफेवाल्याने सोय म्हणून स्वतःचा ईमेल टाकला की पुढची तीन वर्षं तुमचं हॉल तिकीट त्याच्या इनबॉक्समध्ये जातं. फॉर्म पूर्ण झाल्यावर मिळणारा पीआरएन, म्हणजे कायमचा नोंदणी क्रमांक, घरातल्या दोघांनी तरी लिहून ठेवावा.

कागद फक्त दाखवायचे आणि प्रती द्यायच्या. मूळ गुणपत्रिका, दाखला कोणत्याही संस्थेने अडकवून ठेवू नये, असं यूजीसीने ऑक्टोबर २०१८ मध्ये बजावलं आहे. ‘ओरिजिनल जमा करा, पदवी झाली की घेऊन जा’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

‘परीक्षेला यायची गरज नाही’ म्हणणारे

मुक्त विद्यापीठाच्या नावाचा आडोसा घेऊन एक वेगळाच धंदा चालतो. गिऱ्हाईक ‘मुक्तला ॲडमिशन घ्यायचंय’ म्हणून दुकानात शिरतं आणि बाहेर पडताना त्याचं नाव दुसऱ्याच राज्यातल्या कुठल्यातरी खाजगी विद्यापीठात घातलेलं असतं. त्याला वाटतं, मुक्त म्हणजे मुक्त.

नियम साधा आहे. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, सरकारी असो की खाजगी, आपल्या राज्याबाहेर दूरस्थ शिक्षणाचं केंद्र उघडू शकत नाही. आणि केंद्र ‘फ्रँचायझी’ म्हणून दुकानदाराला चालवायला देणं यूजीसीला मान्य नाही. इग्नू संसदेच्या कायद्याने झालेलं केंद्रीय विद्यापीठ आहे, म्हणून त्याची केंद्रं देशभर आहेत. तेव्हा आपल्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर परराज्यातल्या विद्यापीठाचं ‘अधिकृत स्टडी सेंटर’ अशी पाटी दिसली, तर ती पाटीच पुरावा आहे की काहीतरी चुकतंय.

‘तीन वर्षांची पदवी एका वर्षात’, ‘मागच्या तारखेची मार्कशीट’, ‘पेपर आम्ही बघून घेतो’ ही वाक्यं कानावर आली तर समोरचा माणूस शिक्षणाचा नाही, बनावट कागदाचा व्यवहार करतोय. पदवीला किमान तीन वर्षं लागतातच. डीईबी-आयडीमुळे प्रवेश कधी झाला याची नोंदही आता यूजीसीकडे राहते. असा कागद घेऊन नोकरीला लागलेल्या माणसावर पडताळणीत गुन्हा दाखल होऊ शकतो. एजंटचा तोवर मोबाइल नंबर बदललेला असतो.

पूर्ण बनावट विद्यापीठांची यादी यूजीसी स्वतः प्रसिद्ध करते. त्यात महाराष्ट्रातलं, नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचं नाव वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. ही यादी एकदा डोळ्यांखालून घालायला हरकत नाही. पण गावाकडे जास्त धोका बनावट विद्यापीठाचा नसतो. विद्यापीठ खरं, कोर्स मान्यता नसलेला, केंद्र बेकायदा, हा प्रकार जास्त फसवतो, कारण नाव गुगलवर शोधलं तर खरं निघतं.

पैशाचं

फी माहितीपुस्तिकेत छापलेली असते आणि ऑनलाइन भरता येते. त्यापेक्षा जास्त मागणाऱ्याला ‘पावती विद्यापीठाच्या नावाची द्या’ एवढंच म्हणा. फॉर्म भरून देण्याची मजुरी नेट कॅफेवाल्याने घेणं वेगळं आणि फीमध्येच मिसळून रोख घेणं वेगळं. परीक्षा शुल्क फीमध्ये धरलंय का, तेही बघा. प्रवासाचा हिशेब करताना महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, तेवढा आधार.

‘मुलींना शिक्षण फुकट झालंय ना?’ असं अनेक घरांत विचारतात. ८ जुलै २०२४ चा तो शासन निर्णय व्यावसायिक कोर्सला, केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घेतलेल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठराविक प्रवर्गांच्या मुलींसाठी आहे. मुक्तच्या बीएला तो लावून बसू नका. जातीच्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती अपेक्षित असेल तर आपला कोर्स आणि आपलं केंद्र महाडीबीटीच्या यादीत दिसतं का, हे फी भरण्याआधी पाहा.

अभ्यास कोण करणार?

मुक्त म्हणजे सोपं, हा समज खुद्द विद्यार्थ्यांतच आहे. दूरस्थ शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. चार क्रेडिटचा एक विषय म्हणजे १२० तास. सहा महिन्यांच्या सत्रात २० क्रेडिट असतील तर ६०० तास, म्हणजे रोजचे तीन तासांहून जास्त. भांगलण, धारा, स्वयंपाक, पोरांची शाळा यातून रोज तीन तास कोणाला मिळत नाहीत हे खरंच आहे. पण रोज एक तासही ठरलेला नसेल तर पुस्तकं गोणपाटात राहतात.

विद्यापीठाची पुस्तकं मराठीत आहेत ही मोठी जमेची बाजू. इग्नूमध्ये बहुतेक कोर्स इंग्रजी किंवा हिंदीतून असतात. मुक्तची पुस्तकं शिक्षक समोर नसताना वाचायची म्हणूनच लिहिलेली असतात, आणि अनेकांच्या पीडीएफ प्रती संकेतस्थळावर आहेत. प्रवेश घेण्याआधीच पहिल्या वर्षाचं एखादं पुस्तक मोबाइलवर उतरवून वीस पानं वाचून बघा. अर्थशास्त्र घ्यावं की इतिहास, हे मैत्रिणीने काय घेतलं त्यापेक्षा या वीस पानांवरून चांगलं कळेल.

दहा-पंधरा वर्षांनी पेपर लिहिणाऱ्यांना अडतो तो हात. विषय येत असतो, पण तासाभरात बोटं आखडतात आणि शेवटचे दोन प्रश्न राहतात. परीक्षेच्या दोन महिने आधीपासून रोज दोन पानं घड्याळ लावून लिहिणं, हा त्यावरचा एकच उपाय आहे. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन लिहिलं तर उत्तम.

रेग्युलर कॉलेजात असलेल्यांसाठी एक माहिती. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे; एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी दूरस्थ पद्धतीने. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करताना मुक्तमधून बीए करता येतं. परीक्षेच्या तारखा एकावर एक येणार नाहीत ना, हे मात्र दोन्हीकडे विचारून घ्यावं लागतं, कारण एकाच दिवशी दोन पेपर आले तर एक सोडावाच लागतो.

प्रवेश झाल्यावर काही अडलं तर आधी केंद्र संयोजकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आठवडाभरात हालचाल नाही झाली तर तोच अर्ज विभागीय केंद्राला ईमेल करा. विषयात पीआरएन, केंद्राचा कोड आणि कोर्सचं नाव लिहा, नुसतं ‘निकाल लागला नाही’ असं लिहिलेले ईमेल तिथे ढिगाने येतात. त्यावरही उत्तर नसेल तर यूजीसीचं ई-समाधान नावाचं तक्रार पोर्टल आहे. तिथे तक्रार टाकताना पोच घेतलेल्या अर्जाचा फोटो जोडावा.